थुंकीतला साहेब

चष्म्याच्या दुकानाच्या पायरीशी बाबांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी होती : ‘येथे थुंकू नये’. त्या पाटीच्या बरोबर मागे, काउंटरला टेकून, बाबा सकाळपासून थुंकायचा प्रयत्न करत होते आणि त्यांना जमत नव्हतं.

परदेशी कंपनीने पाठवलेली बोटभर प्लास्टिकची नळी होती. तिच्यावर एक रेघ. रेघेपर्यंत थुंकी भरायची, फेस मोजायचा नाही. येणाऱ्याजाणाऱ्यावर ‘थुंकू नका हो’ म्हणून आयुष्यभर ओरडलेल्या माणसाच्या तोंडाला ऐन वेळी कोरड पडली होती.

“लिंबाचा विचार करा,” मनी म्हणाली.

“केला.”

“मग?”

“लिंबू महागलंय, एवढंच आठवलं.”

मनी त्यांची मुलगी. तिचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं आणि तिथेच राहिलं. डोळे मांजरासारखे घारे, म्हणून गल्लीने तिची मनी केली. डोळे बाबांचेही तसेच, पण बाबांना गल्ली ‘साहेब’ म्हणायची. बाकीच्यांना साहेब व्हायला खुर्ची लागते, बाबांना नुसते डोळे पुरले होते.

त्याचं असं झालं होतं. गोऱ्यांचं राज्य होतं तेव्हा बाबांची आजी टेकडीवरच्या बंगल्यात झाडलोट करायची. लग्न झालेलं नव्हतं. एक दिवस पोट दिसायला लागलं, तिला बंगल्यातून हाकलली, आणि मुलगा झाला तो घारा. बंगल्याच्या हेडक्लार्कने खाली येऊन सांगितलं की मूल साहेबाचं आहे. आतल्या माणसाची बातमी, तिच्यावर कोण शंका घेणार? बंगल्यात गोरा एक, पोर घारं एक. गल्लीने बेरीज केली आणि उत्तराखाली दोन रेघा मारल्या.

तो मुलगा म्हणजे मनीचे आजोबा. ते कळत्या वयापासून काळा गॉगल लावून वावरले. लग्नात गॉगल, अंधाऱ्या जिन्यात गॉगल. पहिला त्यांनी स्वतःसाठी घेतला. तो बघून कुणीतरी दुसरा मागितला, आणि दुकान सुरू झालं. लाजेवर पोट भरणारी घराणी जगात बरीच असतील, पण सोबत नंबर काढून देणारं हे एकच असावं.

बाबांच्या वाट्याला दुकान आलं आणि साहेब आला. शाळेत मास्तर हजेरी घेताना विचारायचे, “साहेबांची स्वारी आली का?” पुढे लग्नाचं बघायला लागले तेव्हा चांगल्या चांगल्या घरांनी स्थळ ऐकूनच दार लावून घेतलं. मनीच्या आईने हो म्हटलं, कारण तिला मायनस सात नंबर होता आणि चष्मा लावून मुलगा बघायची तिच्या घरात पद्धत नव्हती. बाबांचे डोळे तिला लग्नानंतर, बाबांनीच करून दिलेल्या चष्म्यातून दिसले. तिने कधी तक्रार केली नाही. ती गेल्यावर मात्र बाबांनी एकच धोशा लावला होता : कुणीतरी या घरात यावं, समोर बसावं आणि आजीची माफी मागावी. बंगल्यातली वीटसुद्धा नको. फक्त माफी.

आणि ती खरोखर यायला निघाली होती.

साहेबाची पणती, एक निवृत्त शिक्षिका, परदेशात बसून आपल्या खानदानाची पापं धुवायला निघाली होती. तिने गावाच्या इंटरनेटवरच्या ग्रुपवर विचारलं, तुमच्याकडे घाऱ्या डोळ्यांचं कुणी आहे का? गल्लीतल्या यच्चयावत लोकांनी मिनिटभरात बाबांचा पत्ता दिला. एकाने तर दुकानाचा फोटो काढून पाठवला, पाटीसकट. बाईने लिहिलं, रक्त एक निघालं तर मी स्वतः येऊन माफी मागेन. तिच्या वकील भावाने खाली पुस्ती जोडली, आधी रिपोर्ट. चुकीच्या माणसाची माफी मागितली तर ती परत कशी घ्यायची याबद्दल कायद्यात काही तरतूद नव्हती.

भावाने आपली थुंकी केव्हाच दिली होती. आता बाबांची हवी होती. मनीने स्वतःची द्यायची तयारी दाखवली, तेव्हा कंपनीने कळवलं की बापाकडची ओळ फक्त पुरुषांच्या थुंकीत सापडते. अन्याय बाईवर झालेला, ईमेल बाईने लिहायचे, माफी बाईने मागायची. थुंकी मात्र पुरुषाची.

“काय साहेब, पाटी उतरवायची का?”

समोरचे हार्डवेअरवाले काका पायरीवर उभे होते. वयाने बाबांहून चार वर्षांनी मोठे, आवाजाने चाळीस. दुकानाचं नाव ‘सेनापती हार्डवेअर’, कारण आपण जुन्या काळच्या कुठल्याशा सेनापतीचे वंशज आहोत असं काकांचं म्हणणं होतं. बंगल्यातला तो हेडक्लार्क त्यांचा आजोबा. त्याचा फोटो पाइपांच्या मांडणीवर लावलेला असायचा.

“डीएनए तपासायला देतोय, शेठ,” बाबा म्हणाले.

“कशाला? तुमचं तर सगळ्या गल्लीला तोंडपाठ आहे.” काका हसले. “मी दिली होती गेल्या वर्षी. ह्याच कंपनीला. काय आलं माहितीये? जवळचे नातेवाईक, कोणी नाही. म्हणजे बघा, आमच्या बरोबरीचं माणूसच नाही जगात.”

“सेनापती सापडला का?” मनीने विचारलं.

“शोधतायत. इतकं जुनं रक्त म्हणजे वेळ लागणारच. तुमचं काय, परवा-परवाचं. बरं साहेब, आजोबांकडची पाहुणी आली की आम्हालाही हाका मारा. चहाला नको, नुसतं बघायला.”

काका रस्ता ओलांडून गेले. बाबांच्या जबड्याची शीर तटतटली, त्यांनी नळी उचलली आणि एका दमात रेघेपर्यंत भरली.

बाई आली ती महिन्याभराने. रिपोर्ट कंपनीकडे अडकला होता, तिकीट आधीच काढलेलं होतं. भाऊ म्हणाला होता, जा, पण रिपोर्ट येईपर्यंत तोंड उघडू नकोस.

तिला डोळे तपासायच्या खोलीत बसवलं, कारण दुकानात एवढी एकच धड खोली होती. भिंतीवर अक्षरांचा तक्ता, कोपऱ्यात भिंगांची पेटी. बाबांनी नवी पांढरी पँट शिवून घेतली होती आणि ते पेशंटच्या खुर्चीत ताठ बसले होते. माफीचा व्हिडिओ व्हायला पाहिजे असं त्यांचं म्हणणं होतं, म्हणून मनीने फोन मशीनच्या हनुवटी टेकवायच्या पट्टीवर उभा करून चालू ठेवला होता.

बाईने माफी मराठीत पाठ केली होती. एका विद्यार्थ्याकडून, रोज तासभर, दोन महिने. उच्चार घोटून घेतले होते. बाकी भाषेतलं तिला काहीच येत नव्हतं. पाणी येत नव्हतं, हो येत नव्हतं, नाही येत नव्हतं. मनी मध्ये बसून दोन्हीकडचं सांगत होती.

“विचार तिला, प्रवास कसा झाला,” बाबा म्हणाले.

“तिसऱ्यांदा विचारताय.”

“मग दुसरं काय विचारू? तुमचा पणजोबा कसा आहे?”

चहा आला तेवढ्यात बाईचा फोन वाजला. भावाचा निरोप : रिपोर्ट आलाय. मनी उठून बाहेर काउंटरवरच्या कॉम्प्युटरकडे गेली. तिने वाचलं. पुन्हा वाचलं. मग काचेतून समोर पाहिलं. समोर काका खिळे जोखत होते. मग तिने पडद्यावर पाहिलं. पडद्यावरही काकाच होते, कंपनीला दिलेल्या फोटोत, कमरेवर हात ठेवून, मागे पाइप. ‘जवळचे नातेवाईक : एक. दोघांचे आजोबा एकच असण्याची दाट शक्यता.’

ती आत आली.

“बाबा, नाही.”

“काय नाही?”

“साहेब नाही. साहेबाच्या घराशी काडीचा संबंध नाही आपला.”

बाबांनी तक्त्यावरच्या सगळ्यात मोठ्या अक्षराकडे पाहिलं. “मग कोण?”

“हेडक्लार्क. काका तुमचे भाऊ लागतात.”

“कुठले काका?”

“आपल्याला आहेत किती?”

जन्मल्यापासून मनी त्या माणसाला काका म्हणत आली होती. गल्लीतली सगळी पोरं म्हणायची. फक्त तिचं खरं निघालं होतं.

बाबा म्हणाले, “त्यांच्या घरात तर कुणाचे डोळे घारे नाहीत.”

ते मनीच्याही ध्यानात आलं होतं. काकांचे डोळे चहासारखे, फोटोतल्या हेडक्लार्कचेही काळेभोर. साहेब तर हिशेबातूनच गेला. उरली पणजी. तिचे डोळे कसे होते हे कधी कुणाला विचारायचं सुचलंच नव्हतं.

तिकडे बाईच्या खांद्यांवरून पोतं उतरल्यासारखं झालं होतं. ती तिच्या भाषेत म्हणाली, बरं झालं. मग घाईघाईने म्हणाली, म्हणजे तुमच्यासाठीसुद्धा. पणजोबा दारू प्यायचा, माणसांना चाबकाने मारायचा, हे सगळं होतंच. पण हे नव्हतं. ती पर्स उचलायला वळली, कोपर कपाला लागलं आणि भरलेला चहा बाबांच्या नव्या पांढऱ्या पँटवर गेला.

बाई पांढरी पडली. तिने तोंड उघडलं, आणि मराठीतलं जेवढं तिच्याजवळ होतं तेवढं सगळं बाहेर आलं.

“माझ्या पणजोबांनी आपल्या आजीवर जो अन्याय केला, तिची अब्रू, तिचं काम आणि तिचं छप्पर हिरावून घेतलं, त्याबद्दल मी मान खाली घालून आपली माफी मागते.”

उच्चार लखलखीत. मान खरोखर खाली. हातातल्या रुमालाने ती बाबांचा गुडघा पुसत होती.

बाबा हलले नाहीत. चहा चांगलाच गरम होता.

“राहू द्या,” ते शेवटी म्हणाले. “तुम्ही थोडंच मुद्दाम केलंत.”

मनीने ते भाषांतर करून सांगितलं. बाईने हात छातीशी नेला आणि ती हॉटेलवर गेली.

बाबा तशाच पँटने रस्ता ओलांडून समोर गेले. मागोमाग मनी.

“या साहेब,” काका म्हणाले. “हे काय, पाहुणीला बघून घाबरलात की काय?”

बाबांनी मनीचा फोन त्यांच्यापुढे धरला. काकांनी तो हात लांब करून धरला, आणखी लांब केला. त्यांचं अख्खं घर चष्मे परगावाहून आणायचं.

“नंबर वाढलाय तुमचा,” बाबा सवयीने म्हणाले.

“चष्मा घरी राहिलाय. काय आहे हे?”

मनीने वाचून दाखवलं. दुकानात एक नळ घ्यायला आलेलं गिऱ्हाईक होतं. काकांनी आधी त्याला नळ देऊन घालवलं.

“या कंपन्या वाटेल ते छापतात,” मग ते म्हणाले. “माझा सेनापती नाही सापडला त्यांना. तुमचा आजोबा बरा सापडला.”

“शेठ, मी भांडायला नाही आलो,” बाबा म्हणाले. “एकच सांगा. तुमच्या घरात कधी कुणी बोललं का, माझ्या आजीचे डोळे घारे होते का?”

“झाडूवालीचे डोळे कोण बघत बसतंय?”

हे काका सहज बोलून गेले. मग त्यांनी आवाज उतरवला, जवळ आले, बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. “हे बघा, झालं ते झालं. साहेबाचं रक्त म्हणून गल्लीत काही झालं तरी तुमचा एक मान होता. तो कशाला घालवताय? क्लार्कचा नातू म्हणून कोण विचारणार तुम्हाला?”

पाइपांच्या वरून हेडक्लार्क समोर बघत होता. फोटो काढतानाही पापणी लवू न देणारा माणूस.

बाबा परत आले आणि काउंटरमागे बसले. मनीला काही सुचेना, म्हणून तिने फोनवरचा व्हिडिओ काढला, चहा सांडेपर्यंतचा भाग कापून टाकला आणि त्यांच्यापुढे ठेवला. आता त्यात एक परदेशी बाई मान खाली घालून माफी मागत होती, स्पष्ट, सुरेख.

बाबांनी तो दोनदा पाहिला.

“चहा कुठाय?”

“कापला.”

“जोड परत,” ते म्हणाले. “उगाच फुकटचं नको.”

उन्हं उतरली तेव्हा गल्ली नेहमीसारखी पायऱ्यांवर आली होती. शेजारचा शिंपी मशीनवर, लाँड्रीवाला इस्त्रीवर. काकांनी पलीकडून नेहमीसारखी हाक घातली, जसं काही झालंच नव्हतं.

“काय साहेब, गेली का पाहुणी?”

इतकी वर्षं बाबांनी त्या हाकेला मुकाट्याने ‘ओ’ दिली होती. ते उठले, पायरीवर पाटीशेजारी उभे राहिले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले,

“गेली, दादा.”

शिंप्याचं मशीन थांबलं. लाँड्रीवाल्याने इस्त्री उभी केली.

“दादा कुणाला म्हणताय?” काका म्हणाले.

“तुम्हाला. चार वर्षांनी मोठे तुम्ही. आता शेठ म्हटलं तर परकं वाटेल.”

“साहेब, चेष्टा पुरे.”

“बरं, दादा.”

शिंप्याने विचारलं, “नात्यातले का?” तो कुणाला विचारत होता ते कळलं नाही. काकांनी खिळ्यांचा तराजू आत घेतला, मग बाहेरची शिडी आत घेतली, आणि शटर ओढलं. दुकान बंद करायची ती वेळ नव्हती.

बाबा पायरीवर तसेच उभे होते. मनीला त्यांच्या जबड्याची शीर तटतटलेली दिसली, गाल भरलेले दिसले. सकाळपासून थुंकायला बसून कोरडा राहिलेला माणूस तिने महिन्यापूर्वी पाहिला होता. आता नळ्यांवर नळ्या भरल्या असत्या. समोर बंद शटर होतं, मध्ये रिकामा रस्ता. ती वाट बघत राहिली. खरं म्हणजे तिला फार बरं वाटलं असतं.

बाबांनी शेजारच्या पाटीकडे पाहिलं. पाटी त्यांनीच रंगवली होती. त्यांनी गिळलं, आणि ते आत आले.