साबणाचा खिळा

जिमच्या भिंतीला रंग द्यायला सगळे फोटो उतरवले आणि तिथूनच राडा सुरू झाला. परत टांगायचे म्हणजे क्रम लावणं आलं. वरच्या रांगेत जिमचे आजवरचे सगळ्यात भारी बॉक्सर, खाली बाकीचे. माझा मामा इतकी वर्षं बाथरूमच्या दाराशी लटकत होता.

मामा शिंपी आहे. शाळा सोडल्यापासून मी त्याच्याच दुकानात काजं करते आणि संध्याकाळी जिमला जाते. रिंगमध्ये त्याला साबण म्हणायचे, हातात सापडत नाही म्हणून. ते काही कौतुक नव्हतं. तिकीट काढून आलेल्यांना रक्त हवं असतं. हा समोरच्याला हवेत ठोसे मारत ठेवायचा, मधूनच टिचकीसारखा एक पंच द्यायचा आणि गुणांवर जिंकायचा.

क्रम ठरवायला जुने बॉक्सर जमले. मामा म्हणाला, मला काही पडलेली नाही. पण शर्टाला दोनदा इस्त्री फिरवून आला होता. मी काही आंधळी नाही.

एक नंबरला तोफकाका, यावर कुणाचं दुमत नव्हतं. त्यांनी भल्याभल्यांना आडवं केलं, स्वतः आडवे होऊनही परत उठले. मग मी मामाचा विषय काढला तर आम्हाला शिकवणारे सर हसले. म्हणाले, पोरी, त्यानं कधी कुणाला पाडलंय का? पळायची शर्यत असती तर पहिला लावला असता. सगळे खिदळले. मामाही हसला, त्याचाच मला जास्त राग आला.

"मग तोफकाका त्याच्याकडून हरले ते काय झोपेत?"

खिदळणं थांबलं. तोफकाकांच्या हातातला कप बशीवर खडखडत होता. त्यांचा उजवा हात हल्ली थरथरतो, जीभही जड झालीय. माझं पुढचं वाक्य तयारच होतं, की मार खाणाऱ्यांचे हात बघा आणि माझ्या मामाचे बघा, एका झटक्यात सुई ओवतो. पण तोंड उघडायच्या आत मामाची बोटं माझ्या खांद्यात रुतली. माझा पंच त्याला लांबूनच दिसतो.

बोलले ते तोफकाकाच, सावकाश, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखे.

"साबण वरच्या रांगेत. माझ्या शेजारी."

आमच्याकडे रीत आहे, जो हरला त्यानंच जिंकणाऱ्याचा खिळा ठोकायचा. सर घाईघाईनं म्हणाले, राहू दे, मी ठोकतो. तोफकाकांनी हातोडी सोडलीच नाही. मग खिळा कोण धरणार? मी पुढे झाले, तर मामानं मला बाजूला केलं आणि स्वतः धरला. शिंप्याची बोटं ती, त्यांच्यावर आमचं घर चालतं.

पहिला घाव भिंतीवर बसला, ताजा रंग उडाला. दुसरा थेट बोटांवर आला, पण बोटं तिथे नव्हती. खिळा खाली पडला. मामानं उचलून परत धरला. तो खिळ्याकडे बघतच नव्हता, तोफकाकांच्या खांद्याकडे बघत होता. मलाही रोज हेच सांगतो, ठोसा खांद्यातून निघतो, ग्लोव्हकडे काय बघतेस.

तोफकाका दम घेत हसले. "आजही लागत नाहीस रे."

"मग जरा नीट मार," मामा म्हणाला.

तिसऱ्या घावाला खिळा आत घुसला. वाकडाच. सर ओशाळून म्हणाले, याचा फोटो तुमच्यापेक्षा थोडा वर घ्यायचा का?

"वर नको," तोफकाका म्हणाले. "मान दुखते माझी."

सगळे हसले, पण या वेळचं हसणं वेगळं होतं. मला एक नंबर हवा होता, मिळाला दोन. तरी मी भांडले नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात बघितलं तर मामाच्या अंगठ्याचं नख काळंनिळं पडलेलं.

"तिसरा चुकवता आला नाही?"

"आला असता. पण खिळा परत पडला असता." त्यानं सुई माझ्यापुढे धरली. "त्याला सांगितलंस तर बघ. आणि हा दोरा ओव."