दुसरी पिशवी

प्रत्येक घरात एक तरी शहाणा असतो, ज्याला वाटतं अपघात फक्त शेजाऱ्याला होतात! या गोष्टीतल्या शहाण्याला सगळे मासा म्हणत. समुद्रात खोल उतरून बुडालेली जहाजं बघायची, हे त्याचं आणि त्याच्या थोरल्या बहिणीचं वेड. उद्या दोघं निघणार होते, पण माशाला सकाळपासून चैन नव्हतं. नुसता या खोलीतून त्या खोलीत.

कारण ताई! पाठीवर जड पोलादी सिलिंडरची जोडी असताना पाणबुड्याला तोलून धरते ती हवेची पिशवी. ती फाटली तर? म्हणून एकाच खोळीत दोन पिशव्या हव्यात, प्रत्येकीला वेगळ्या सिलिंडरची नळी हवी, असा ताईचा हट्ट. माशाने मात्र दुसरी काढून माळ्यावर टाकली होती. म्हणे, उगाच लोढणं कशाला? इतकी वर्षं पहिली कधी फाटली नाही, आणि वेळ आलीच तर खिशात खुणेची छोटी पिशवी आहेच की, होडीला आपली जागा दाखवायला वर सोडतात ती.

ताईने वाद घातला नाही. संध्याकाळी सिलिंडर-पिशवीसकट त्याला पोहण्याच्या तलावावर नेलं, खोल बाजूला तळाशी त्याची पिशवी पार रिकामी केली आणि खूण केली, चल वर.

माशाने जीव खाऊन पाय मारले. हातभर वर, की पुन्हा खाली. खुणेची पिशवी फुगवायला गेला, तर ती हातातून निसटून एकटीच वर गेली. मांड्या भरून आल्या, धाप लागली. घाबरून त्याने ताईचा पट्टा गच्च धरला आणि तिलाही खाली खेचलं. ताईने आपल्या दोन्ही पिशव्या फुगवल्या, तेव्हा कुठे दोघं वर आले.

काठावर मासा पाठीवरचे सिलिंडर उतरवू लागला.

"इथे तळ जवळ तरी होता," ताई शांतपणे म्हणाली. "उद्या तो कितीतरी खोल असेल. तू मला धरशील, आणि मी काही तुझा हात सोडायची नाही. मग घरच्यांनी माझ्या लेकीला काय सांगायचं? मामाला दुसरी पिशवी जड होत होती?"

माशाला रडूच फुटलं. घरी येताच त्याने माळ्यावरून दुसरी पिशवी खाली काढली, नळी जोडली, दोनदा फुगवून पाहिली.

मंडळी, हेल्मेट गाडीला लटकवणारे आणि जिन्यातली वाट सामानाने अडवणारे आपण तरी काय वेगळे आहोत? म्हणतो, माझा जीव, मी बघून घेईन. पण बुडायला लागलं की माणूस हात धरतो तो आपल्याच माणसाचा.