वाळूवरच्या फळीचे गाऱ्हाणे

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. कपाटातली नव्हे आणि पलंगाचीही नव्हे. वाळूच्या टेकडीवरून घसरण्याची. समुद्राच्या कडेला वाऱ्याने वाळूच्या उंच टेकड्या रचल्या आहेत आणि त्यांच्या पायथ्याशी एक पत्र्याची टपरी आहे. त्या टपरीच्या भिंतीला टेकून मी उभी असते. आधीच सांगून टाकते, माझा स्वभाव चिडका आहे. पण तो जन्मतः तसा नव्हता.

मला एका सुताराने घडवले. तो एरवी दारे-खिडक्या करायचा. लाकडाचे पातळ थर एकावर एक चिकटवून त्याने मला साच्यात दाबून ठेवले, तोंडाकडून जरासे वर वळवले, पाय अडकवायला दोन पट्टे लावले आणि तळाला गुळगुळीत सनमायका बसवला. रोज काम संपले की मला काखेत मारून तो टेकडी चढायचा. वर पोहोचल्यावर खिशातला मेणाचा तुकडा काढून माझ्या तळाला घासायचा, आणि मग आम्ही दोघे असे सुटायचो की खाली त्याची बायको डोळे मिटून घ्यायची. तळाला मेण असले की कोरडी वाळू मला अडवत नाही. मेण नसले की मी नुसते लाकूड. माझ्याविषयी एवढीच एक गोष्ट ध्यानात ठेवायची आहे, आणि नेमकी तीच कोणी ठेवत नाही.

सुताराचे पाय थकले तेव्हा त्याने मला टपरीवाल्याला देऊन टाकले. टपरीवाला तसा वाईट नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रवाशांना तो फळ्या भाड्याने देतो. सुरुवातीला तो मेणाचा तुकडाही सोबत द्यायचा, पण लोक तो वाळूत हरवून यायचे. म्हणून त्याने मेण खालीच, टपरीपाशी, स्वतःच्या हाताने लावायचे ठरवले. पुढे लोक म्हणू लागले, फळी उचलून चढताना दम लागतो. मग त्याने माझ्या नाकाशी भोक पाडून एक दोरी ओवली. गिऱ्हाइकाची सोय झाली आणि माझे नशीब फुटले.

कारण आता तो खाली मन लावून मेण घासतो आणि गिऱ्हाईक मला दोरीने फरफटत वर नेते. माथ्यावर पोहोचेपर्यंत वाळूने ते सगळे पुसून टाकलेले असते. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, यातली गत. वर गेल्यावर लोक माझ्यावर ऐटीत उभे राहतात, फोटोसाठी हात पसरतात, आणि मी हातभर सरकून रुतते. मग काय, फळीच खराब. नाचता येईना अंगण वाकडे, असे तुम्ही शाळेत शिकलात ना? ते वाकडे अंगण म्हणजे मी. वर्षानुवर्षे हेच ऐकून घेते आहे. मला तोंड असते तर एका वाक्यात काम झाले असते.

परवा तर हद्द झाली. सकाळीच टपरीवाल्याने मला उलटसुलट करून पाहिले आणि शेजारच्या चहावाल्याला सांगितले, की ही आता कामाची राहिली नाही, आजचा दिवस बघतो आणि संध्याकाळी टपरीच्या दाराशी पायरी म्हणून ठोकतो. पायरी! जी वाऱ्याशी शर्यत लावायची, तिच्यावर आता लोक पाय पुसणार.

दुपारी एक कुटुंब आले. नवरा-बायको, त्यांची लेक आणि बायकोची थोरली बहीण. या थोरलीला लेक मावशी म्हणत होती, म्हणून मीही मावशीच म्हणते. आल्या आल्या सगळ्या पिशव्या, चपला, पाण्याच्या बाटल्या मावशीपुढे जमा झाल्या. तिला कोणी विचारलेही नाही. या प्रवासात ती जिथे जाईल तिथे सामानाजवळ बसत आली असावी, कारण पिशव्या कशा रचायच्या हे तिच्या हातांना पाठ होते.

नवऱ्याने फोनवर बरेच काही पाहून ठेवले होते. गुडघे किती वाकवायचे, नजर कुठे ठेवायची, हे सगळे त्याने घरच्यांना चढता चढता समजावले. मी मागून फरफटत होते. वर तो उभा राहिला, मी रुतले आणि तो तोंडावर पडला. मग लेक पडली. मग बायको बसून घसरायला गेली, तर मी जागची हललेच नाही. तिने पायांनी ढकलून पाहिले, शेवटी मला तिथेच सोडून ती चालत उतरली. नवऱ्याने मला ओढत खाली आणले आणि टपरीवाल्याला चार शब्द सुनावले. टपरीवाल्याने मान डोलावली, आज हिला मोडीतच काढतो म्हणाला आणि माझ्याकडे असे पाहिले, की मला पायरीचे खिळे लागलेच.

तेवढ्यात मावशी उठली. म्हणाली, मी एकदा जाऊन येते.

"ताई, तुम्ही राहू द्या," मेहुणा म्हणाला. "ही फळी चालतच नाही."

"नाही चालली तर वर बसून राहीन," मावशी म्हणाली. "इथे तरी काय, बसलेलीच आहे."

बहिणीने गुडघ्यांची आठवण करून दिली, गाडी निघायची वेळ झाली असेही सांगितले. मावशी ऐकत होती, पण थांबली नाही. टपरीवाल्याने रिवाज म्हणून मला मेण लावले आणि दोरी तिच्या हातात दिली.

ऊन मी म्हणत होते. मावशीकडे टोपी नव्हती. तिने रुमालाची घडी डोक्यावर ठेवली आणि सावलीसाठी मला उचलून त्यावर आडवी धरली. तळ वर, आभाळाकडे. मित्रांनो, माझा विश्वास बसेना. किती वर्षांनी मी वाळूला न घासता वर चालले होते. उन्हाने मेण मऊ होऊन तळावर सारखे पसरत होते. मावशी मध्ये मध्ये थांबायची, गुडघा चोळायची आणि पुन्हा चढायची.

माथ्यावर तिने मला खाली ठेवले आणि माझ्यावर बसली. बराच वेळ नुसती बसून राहिली. समोर समुद्र होता. खालून बहीण हाका मारत होती, ताई, उतर आता चालत, उशीर होतोय. मला धडकी भरली. ही आता उठली तर माझे सगळे संपले.

"एकदाच," मावशी पुटपुटली, आणि तिने दोन्ही हातांनी वाळू मागे लोटली.

मी सुटले. सुताराच्या दिवसांत सुटायचे तशी सुटले. मावशीच्या तोंडून आधी भीतीचा आवाज निघाला, मग हसण्याचा. आम्ही पायथा ओलांडला, टपरी ओलांडली, तिने रचून ठेवलेल्या पिशव्याही मागे टाकल्या आणि ओल्या वाळूपाशी जाऊन थांबलो. ती आडवी पडून हसत होती. तोंडात वाळू गेली होती, तरी हसत होती.

आता तरी कोणाच्या लक्षात येईल असे मला वाटले. पण मेहुणा म्हणाला, वारा पाठीमागून होता. टपरीवाल्याला वाटले, आज आपला हात चांगला लागला. आणि लेकीने लगेच माझी दोरी धरली नि मला फरफटत वर घेऊन गेली. पुढे काय झाले असेल ते तुम्हाला आता ठाऊक आहे. तिने मला वाळूत तशीच टाकून दिले.

मावशी मात्र मला घ्यायला परत आली. मला उचलून, पदराने माझ्या तळाची वाळू झाडून, तिने मला टपरीपाशी आणले. "हिला मोडीत काढू नका हो," ती टपरीवाल्याला म्हणाली. "मी हिच्यावरून आलेय." मी तिच्याखालीच का धावले, हे तिलाही कळले नव्हते. मग गाडी आली आणि ती पिशव्या घेऊन गेली.

टपरीवाल्याने खिळे काढून ठेवले आहेत. हातोडी सापडत नाही, म्हणून मी अजून फळी आहे.

मित्रांनो, तुम्ही कधी या किनाऱ्यावर आलात आणि मी तोवर इथे असले, तर फार काही मागत नाही. खाली मी तुम्हाला घेऊन येईन. वर जाताना तेवढे तुम्ही मला उचलून न्या.