माझ्या नावाची बाटली

जिने तोवर जन्मात दारूचा थेंब जिभेला लावला नव्हता, त्या बाईने मे महिन्यात तीन दिवस रम गोठवायची तालीम केली. ती बाई मी, कौसल्या.

साल सदुसष्ट. माझे यजमान शालिकराम हातमाग मोडून कचेरीत कारकून झालेले, आणि गोळीबार चौकातल्या दारूबंदी समितीचे सभासद. रविवारी त्यांचे साहेब आनंदराव बायकोला घेऊन घरी येणार होते. ती पुष्पलताबाई महिला मंडळाची अध्यक्ष. मंडळाचा शिवणवर्ग उघडायचा होता, आणि शिक्षिका कोण, ते तिच्या हातात. दहा वर्षं मी मोहल्ल्याचे ब्लाउज शिवले. मला ती नोकरी पाहिजे होती. तिच्यासाठी मी रमच काय, घासलेटही गोठवलं असतं.

बाईंना मुंबईत कुठेतरी प्यायलेलं पेय पाहिजे होतं. अननसाचा रस, नारळाचं दूध, रम, सगळं बर्फासारखं गोठलेलं. "पण हलकं करा, उन्हाळ्यात जड सोसत नाही," असा वर निरोप. आमच्याकडे फ्रीज कुठला? शेजारून आइस्क्रीमचं पॉट आणलं. लाकडी बादलीत बर्फ आणि जाडं मीठ, मधल्या डब्यात रस, आणि हँडल फिरवत बसायचं. पहिल्या दिवशी यजमानांनी कुठूनशी आणलेली रमची अर्धी बाटली ओतली. तासभर फिरवून खांदा भरून आला, डब्यात पाणीच. दुसऱ्या दिवशी कळलं की रम गोठत नाही, आणि दुसऱ्यालाही गोठू देत नाही. मग तिसऱ्या दिवशी रम चारच झाकणं, नारळाच्या दुधाऐवजी टरबुजाचा गर आणि लिंबू. डब्यात चमचा उभा राहिला. चव यजमानांनी पाहिली. तिन्ही दिवस.

रविवारी संध्याकाळी पाहुण्यांनी पहिला गिलास पाच मिनिटांत संपवला, यजमानांनीही.

"वा वहिनी!" आनंदराव म्हणाले. "अन् तुमचा गिलास?"

"मी नाही घेत."

"कमाल आहे! बाटली तुमच्या नावाची, अन् तुम्हीच कोरड्या?"

मला वाटलं, थट्टा. यजमानांकडे पाहिलं, तर ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होते.

"माझ्या नावाची म्हणजे?"

"का रे शालिकराम, सांगितलं नाही वहिनींना? अहो, परवान्याशिवाय बाटली देतो कोण? हा पडला दारूबंदीवाला. म्हणून तुमच्या नावानं परवाना काढला. डॉक्टर मीच पाहून दिला."

मी खुंटीवरची यजमानांची पिशवी खाली काढली. "राहू दे वं, कौसल्ये," म्हणत यजमान उठले, पण तोवर परवान्याची पुस्तिका माझ्या हातात होती. आत माझी सही. रेशन कार्डाचा फॉर्म म्हणून घेतलेली. वय बेचाळीस, परवान्यासाठी वाढवलेलं. मी छत्तीसची. खाली डॉक्टरचा शेरा : झोप लागत नाही, हातांना कंप सुटतो, औषध म्हणून दारू आवश्यक.

हातांना कंप! मी तीनदा वाचलं.

"काहून केलं हे?"

"अवं, कागद हाय नुसता. कोण पाह्यते?"

पाहणारी समोरच बसली होती. पुष्पलताबाईंनी पुस्तिका मागून घेतली आणि शेवटपर्यंत वाचली.

"अगंबाई! मला हे ठाऊक नव्हतं. हात थरथरणारी बाई मुलींना शिवण कसं शिकवणार? आणि दारूचा परवाना असलेली शिक्षिका म्हटल्यावर मुलींच्या आया काय म्हणतील?"

एवढं बोलून तिने दुसऱ्या गिलासाचा तळ चमच्याने खरवडला आणि तोंडात घातला.

पुस्तिका परत घेताना माझा हात थरथरला. आयुष्यात पहिल्यांदा.

"बघा," ती म्हणाली.

तिथे माझं डोकं फिरलं.

"बाईसाहेब, तुमचा परवाना दाखवा."

"काय?"

"बाटली माझी हाय. सरकारनं मले देल्ली. तुमच्यापाशी परवाना नसन, तर तुम्ही पिऊन राहिल्या ते गुन्ह्यात बसते. साहेब, तुमचा?"

"वहिनी, मजाक करून राहिल्या काय?"

"नाही. गिलास खाली ठेवा."

"कौसल्ये, साहेब हायेत ते!"

"अन् मी बिमार हाओ. तुम्हीच लिहून आणलं. तुम्हीपण ठेवा."

ठेवले. तिघांनीही. मी ते उचलून मोरीत उपडे केले. कोणी हसलं नाही.

दारात चपला घालताना पुष्पलताबाई खाली मान घालून बोलल्या, "उद्या अकराला मंडळात या. वर्ग तुम्हीच घ्या. फक्त हे बाहेर नको."

पुस्तिका वाचून बसला नव्हता एवढा धक्का मला तेव्हा बसला. कोनाड्यात दाखवायला म्हणून मी माझ्या हातचे सहा ब्लाउज घडी घालून ठेवले होते. कोणी एकही उलटून पाहिला नाही. नोकरी एका खोट्या कागदाने गेली आणि एका गिलासाच्या भीतीने परत आली.

पाहुणे गेल्यावर यजमान मागे मागे आले.

"दे न आता ते पुस्तक. बाटली संपत आली."

"डॉक्टरनं मले सांगतलं हाय. तुम्हाले नाही."

पुस्तिका मी शिलाई मशीनच्या खणात टाकली आणि कुलूप लावलं. पॉटमधलं उरलेलं वितळायला लागलं होतं. चमचा घेतला आणि चाखून पाहिलं. गोड, आंबट, आणि मागून घशात आग.

चार झाकणं जास्त झाली होती. तीन पुरली असती.