भिंतीवर लावायचा फोटो

आत्याचे यजमान गेले तेव्हा घाईघाईत कुठल्याशा ग्रुप फोटोतून त्यांचा चेहरा कापून मोठा केला होता. खांद्यावर कुणाचा तरी हात तसाच राहिला. तो परका हात बघितला की आत्याचं डोकं फिरायचं. म्हणून तिने भाचीला बोलावलं. भाचीचा स्वतःचा फोटो स्टुडिओ होता.

"माझा फोटो मी असतानाच काढ," आत्या म्हणाली. "आणि ब्लॅक अँड व्हाइट. रंगरंगोटी नको."

आतेभावाने आधी आदळआपट केली. जित्याजागत्या माणसाचा असला फोटो काढतात का, म्हणाला. मग काढायचाच तर आई तरुण दिसली पाहिजे, म्हणून अडून बसला. तो वयाने मोठा; दादाच्या तोंडाला कोण लागणार? भाचीने आत्याला पांढऱ्या भिंतीला टेकून बसवलं आणि समोरून फ्लॅश मारला.

सुरकुत्या गेल्या खऱ्या, पण त्यांच्याबरोबर आत्याही गेली. पांढरे केस भिंतीत विरघळले, कानामागे काळी सावली चिकटली. आतेभाऊ मात्र खूश.

आत्याने कॅमेऱ्याच्या पडद्यावर निरखून पाहिलं. "ही कोण? हिला पिठात घोळलंय का?"

"आई, एकही सुरकुती दिसत नाहीये."

"सुरकुत्या माझ्या आहेत. तुला कसली लाज वाटते?"

भाचीला हायसं वाटलं आणि स्वतःचा रागही आला. हे बोलायचं काम तिचं होतं.

तिने फ्लॅश बंद केला. सावली मागे दिसणार नाही इतकी खुर्ची पुढे ओढली, भिंतीवर गडद ब्लँकेट टांगलं आणि बाजूच्या खिडकीचा पडदा उघडला. दुसरा गाल अगदीच अंधारात जाऊ नये म्हणून त्या बाजूने उजेड परतवायला पांढरी चादर दादाच्याच हातात दिली. "हलवू नकोस," तिने बजावलं. तो कुरकुरत उभा राहिला.

"हसू का?" आत्याने विचारलं.

"वाटलं तर हस."

"मग नाही हसत."

या फोटोत काळोखातून केस चांदीसारखे उठून आले. कपाळावरची रेघ न् रेघ दिसत होती, आणि हनुवटी वर.

"हां. ही मी," आत्या म्हणाली.

असला फोटो हॉलमध्ये लावणार नाही, असं आतेभावाने जाहीर केलं. फ्रेम आली त्या दिवशी आत्या स्वतः स्टुलावर चढली आणि दारासमोरच्याच भिंतीवर खिळा ठोकला. हल्ली पाहुणे आले की ती मुद्दाम त्याखाली बसते. फोटो बघून कुणाचा चेहरा पडलाच, तर चहा पुढे करत म्हणते, "घाबरू नका, मी अजून आहे."