डाव्या हाताची भिंत

मित्रांनो, एका पत्राचे उत्तर आमच्या घरातून सात महिने गेले नाही. ते पत्र माझ्याच टेबलाच्या खणात होते. सोबत पत्ता लिहिलेले आणि तिकीट लावलेले दुसरे पाकीटही होते. उत्तर देणाऱ्याने फक्त कागद आत घालून पाकीट चिकटवायचे, इतकी सोय पाठवणाऱ्याने करून ठेवली होती. तेवढेही कोणाच्या हातून झाले नाही. का झाले नाही, ते मला नीट सांगता येईल की नाही याची खात्री नाही. पण दुसरे कोणी सांगेल असेही वाटत नाही, म्हणून प्रयत्न करतो.

मी एक जुना माइक आहे. आमच्या जातीला कान असतात, तोंड नसते. भिंतीलाही कान असतात म्हणून माणसे भिंतीपाशी जपून बोलतात, आणि माझ्यापाशी येऊन मोकळी होतात. याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे. मी स्वभावाने संशयी आहे, हे आधीच कबूल करतो. तुम्हीही झाला असता. जो येतो तो आधी माझ्या डोक्यावर टिचकी मारतो आणि मग विचारतो, "ऐकू येतंय का?"

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. एका बाईने माझ्या पोटात केसाएवढ्या तारा जोडल्या, डोक्यावर जाळी बसवली आणि मी चालतो की नाही हे बघायला माझ्यासमोर हलकेच गुणगुणली. मी ऐकलेला तो पहिला आवाज. त्यात काही खोट नव्हती. पुढे तसे आवाज फार वाट्याला आले नाहीत.

मला एका मोठ्या कंपनीच्या प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये नेले. तिथे साहेब मंडळी माझ्यासमोर उभी राहून म्हणत, ही कंपनी म्हणजे आपले कुटुंब आहे. पुढच्या महिन्यात त्याच कुटुंबातून काढायच्या चाळीस जणांची यादी माझ्यासमोरच वाचली जाई. गोड आवाज माझ्या जाळीला चिकटू लागला तो तेव्हापासून. मग तो हॉलही बंद झाला आणि मी कपाटात पडलो. माझ्यावर धुळीचा थर चढला. एके दिवशी ताईने मला त्या कपाटातून उचलले आणि रीतसर परवानगी घेऊन घरी आणले.

ताई म्हणजे माझी मालकीण. ती एचआरमध्ये काम करी. मित्रांनो, कचेऱ्यांत आणि कारखान्यांत माणसांना कामावर घेणारा, त्यांच्या रजा, तक्रारी आणि रुसवेफुगवे बघणारा एक विभाग असतो, त्याला एचआर म्हणतात. तिथल्या माणसांवर कामगारांचा विश्वास नसतो आणि मालकांचाही नसतो. त्यांना आपले दुखणे सांगायला जागाच नसते. म्हणून ताईने इंटरनेटवर त्यांचा एक ग्रुप काढला आणि दर आठवड्याला एक पॉडकास्टही सुरू केला. त्याचे नाव होते 'दार लोटून घ्या'. कोणी डोळे पुसत आत आले की एचआरची माणसे पहिले वाक्य हेच म्हणतात.

आमची जागा म्हणजे घरातली अडगळीची खोली. आवाज घुमू नये म्हणून ताईने भिंतींवर जुन्या गोधड्या टांगल्या होत्या. खिडकी एकच, तळहाताएवढी, आणि तिच्यातून रस्त्यापलीकडची टपालपेटी दिसे. घरात ताई आणि तिचे वडील, दोघेच. बाबांनी हयातभर कारखान्याच्या फाटकावर हजेरी घेतली. माणूस मोठा वाचणारा, पण भिडस्त. मी चालू असलो की त्यांचा आवाज फुटत नसे. ते कार्यक्रमात कधी बोलले नाहीत. ताई जे बोलणार ते मात्र आधी पेन्सिल घेऊन तपासून देत.

ग्रुपचा एक रिवाज होता. एखाद्याला आपल्या कचेरीतला पेच सोडवायचा असला की त्याने तो एकट्या ताईला कळवायचा. ताई त्यातले नाव, गाव आणि हुद्दा या तीन गोष्टी बदलून तो ग्रुपवर टाकी आणि मग सगळे आपापला सल्ला देत. या तीन गोष्टी बदलल्या की माणूस ओळखू येत नाही, अशी या धंद्यातल्यांची श्रद्धा. चांगला पेच असला तर तो पॉडकास्टवरही येई. लोक वाखाणत. कोणी लिही, ताई, तुमचा आवाज ऐकून धीर येतो. असले काही आले की ताई माझी जाळी ब्रशने साफ करी. मला ते आवडे, हे लपवत नाही.

ग्रुपमध्ये एक अधिकारी बाई होत्या. लिहिलेले लगेच पुसून टाकायची त्यांना सवय, म्हणून सगळे त्यांना खोडरबर म्हणत. त्यांनी एक पेच पाठवला. त्यांच्या कारखान्यातल्या स्टोअरकीपरला डाव्या कानाने ऐकू येईनासे झाले होते. नोकरी जाईल या भीतीने त्याने ते लपवले आणि शेवटी दार लोटून कारखान्यात एकट्या त्यांना सांगितले. हे वर कळवावे की पोटात ठेवावे? जाता जाता त्यांनी लिहिले होते की हा माणूस कुठेही गेला तरी डाव्या हाताची भिंत आधी धरतो. जेवणाच्या हॉलमध्ये, सभेत, बसमध्येसुद्धा डावीकडच्या खिडकीशी. म्हणजे सगळी माणसे त्याच्या उजव्या बाजूला येतात.

ताईने स्टोअरकीपरचा सुपरवायझर केला, नाव आणि गाव बदलले आणि भिंतीच्या ओळीवर काट मारली. बाबांनी कागद वाचला. त्या काटेवर पेन्सिल टेकवली.

"राहू दे ना हे," ते म्हणाले. "नाव काय, लोक विसरतात. भिंत लक्षात राहील."

ताई हसली. गोष्टीसाठी तुम्ही काहीही कराल बाबा, असे म्हणून तिने काट पुसली आणि माझ्यासमोर बसून ती ओळ जरा थांबून, छान म्हटली. मी ती जशीच्या तशी पुढे पाठवली. माझे कामच ते.

तो भाग गाजला. दीड महिन्याने पत्र आले. ताईने ते इथेच, बाबांसमोर मोठ्याने वाचले. तुमच्या कार्यक्रमातला तो माणूस मी, असे त्यात लिहिले होते. कंपनीच्या बसमध्ये ड्रायव्हरने कार्यक्रम लावला होता. मी नेहमीप्रमाणे खिडकीशी बसलो होतो. मध्येच सगळी बस वळून माझ्याकडे बघू लागली. आता पोरे मुद्दाम माझ्या डावीकडे येऊन कुजबुजतात आणि मी वळतो का ते बघतात. त्याचेही काही नाही. मी हे फक्त तिघांना सांगितले होते: बायकोला, डॉक्टरांना आणि आमच्या मॅडमना. तिघांपैकी कोण, तेच कळत नाही. महिना झाला, बायकोशी धड बोललेलो नाही. ती विचारते, काय झालं? मी म्हणतो, तुलाच माहीत. बावीस वर्षांच्या संसारात असे कधी झाले नव्हते.

शेवटच्या ओळी वाचताना ताईचा आवाज बदलला. "कोणी सांगितलं ते कळवणं तुम्हाला जमणार नाही, मला समजतं. पण कोणी नाही सांगितलं, तेवढं तरी कळवा. पाकीट सोबत आहे."

झाले. त्या दिवसापासून आमच्या घरात संशय पाहुण्यासारखा आला आणि घरच्यासारखा राहिला. ताईचा हिशेब सरळ होता. आपण नाव बदलले, गाव बदलले, हुद्दा बदलला. तरी माणूस ओळखला गेला, म्हणजे कोणीतरी खरे नाव फोडले. ते ठाऊक होते दोघींनाच. तिने खोडरबरबाईंना फोन करून गोड आवाजात विचारले, तू कोणाजवळ बोलली होतीस का? पलीकडूनही तितक्याच गोड आवाजात आले, ताई, मी तेच तुम्हाला विचारणार होते. दोघी पंधरा मिनिटे बोलल्या आणि पुन्हा सहा महिने बोलल्या नाहीत.

ग्रुपवर हे पसरायला वेळ लागला नाही. कोण कोणाच्या लिहिण्याचे फोटो काढून बाहेर देतो, याचा शोध सुरू झाला. नुसत्या टाळ्या पाठवणाऱ्यावर संशय, कारण तो बोलत नाही. फार बोलणाऱ्यावर संशय, कारण तो बोलतो. एक ज्येष्ठ गृहस्थ होते, कचेरीतल्या परिपत्रकासारखे बोलत, म्हणून त्यांचे नावच परिपत्रक पडले होते. त्यांनी ताईला बजावले की पत्राला उत्तर देऊ नका. उत्तर म्हणजे कबुली. लेखी काही देऊ नका. मित्रांनो, ही सगळी मंडळी जन्मभर दुसऱ्यांकडून लेखी घेत आलेली. उशीर झाला, लेखी द्या. भांडण झाले, लेखी द्या. स्वतःवर वेळ आली तेव्हा एकाच्याही पेनात शाई नव्हती.

मीही मागे नव्हतो. मला खोडरबरबाईंचा संशय होता. पुसणारा माणूस काहीतरी लपवतो, असे माझे ठाम मत. कधी वाटे, परिपत्रकच. कधी वाटे, त्या माणसाची बायकोच असेल. जिचा आवाज मी कधी ऐकला नाही, त्या बाईवरही मी संशय घेतला. ती ओळ माझ्याच पोटातून गेली होती, हे मात्र एकदाही आठवले नाही.

ताईने पॉडकास्ट थांबवला. ती माझाही संशय घेऊ लागली. खोलीत फोन घ्यायचा असला की आधी माझी वायर उपटून टाकी. पुढे तिने माझ्या डोक्यावर जुना पायमोजा चढवला आणि मी अडगळीतली अडगळ झालो. गोधड्यांना कुबट वास येऊ लागला. मोज्याच्या विणीतून मला एकच गोष्ट दिसे. बाबा दुपारी आत येत, खण उघडत, ते पाकीट हातात घेऊन पत्ता वाचत आणि पुन्हा ठेवून देत. मला तेही संशयास्पद वाटले. दुसऱ्याच्या पत्राशी या माणसाचे काय काम?

सातव्या महिन्यात ताईने मला विकायचे ठरवले. दुपारी गिऱ्हाईक येणार होते. माझा पायमोजा काढून ती स्टँडचा स्क्रू शोधत खण उपसू लागली आणि ते पाकीट खाली पडले. बाबा दारातच होते. त्यांनी ते उचलले, पण परत दिले नाही. आत आले आणि दार लोटून घेतले.

"ती भिंत मी ठेवायला सांगितली," ते म्हणाले.

ताईला कळेना. कुठली भिंत?

"डाव्या हाताची. तू काट मारली होतीस. मी म्हटलं, राहू दे." त्यांनी माझ्याकडे बघितले, नजर वळवली आणि तरी बोलत राहिले. "नाव कोणी फोडलं नाही, बाळ. फाटकावर मी माणसं कशी ओळखायचो? नावावरून नाही. एक जण डबा डाव्या खांद्याला लावायचा, एक जण फाटकाला हात लावून आत यायचा. मला हे कळायला हवं होतं. मला कळलंच होतं. पत्र वाचलंस तेव्हाच."

"मग सात महिने गप्प का बसलात?"

"तू एकेकाचा संशय घेत होतीस. म्हटलं, कधीतरी माझ्यापर्यंत येशील, मग सांगू. माझी पाळीच येईना."

ताई खाली गोधडीला टेकून बसली. रागावेल असे मला वाटले होते. हातातला स्क्रू तिने बाजूला ठेवला. मग म्हणाली, "बोलले तर मी ना, बाबा. आणि काय ठसक्यात बोलले."

तिने खोडरबरबाईंना फोन लावला. या खेपेला आवाज गोड नव्हता, साधा होता. माझ्या जाळीला काही चिकटले नाही. तिने झाले ते सांगितले, माफी मागितली आणि विचारले की उत्तर पाठवायचे तर तुझे नाव येणार, काय करू? 

"माझं तुम्ही नका लिहू," बाई म्हणाल्या. "मी उद्या त्यांच्या टेबलापाशी जाऊन सांगते. उजव्या बाजूला उभी राहून. पण घरी त्यांना कागद दाखवता यायला हवा. तो तुम्ही पाठवा."

पत्र ताईने सांगितले आणि बाबांनी लिहिले, कारण अक्षर त्यांचे चांगले. सहा ओळींचे झाले. तुमच्या पत्नीने सांगितले नाही. डॉक्टरांनी सांगितले नाही. गोष्ट आमच्यापर्यंत कशी आली ते हे पत्र मिळेपर्यंत तुम्हाला समक्ष कळले असेल. भिंतीची ओळ काढायची होती, ती गोष्ट चांगली व्हावी म्हणून आम्ही ठेवली. चूक आम्हा दोघांची आहे. खाली दोघांच्या सह्या. सही करताना बाबांनी विचारले, 'चूक' ऐवजी 'अपराध' लिहू का? ताई म्हणाली, आणखी सात महिने घालवू नका.

गिऱ्हाईक आले तेव्हा त्याला दारातूनच परत पाठवले. माझे पुढे काय होणार ते मला माहीत नाही. तो कार्यक्रम पुन्हा सुरू झाला तर कदाचित मी असेन, नाहीतर पुन्हा पायमोजा. पण मित्रांनो, एक मागणे मागतो. माझी निगा राखा असे मी म्हणत नाही, तो मान ताईच्या ब्रशने दिला. कोणी तुमच्यापाशी दार लोटून काही बोलले, तर त्याची निगा राखा. नुसते नाव झाकून भागत नाही. ज्या ओळीने गोष्ट फार रंगते असे वाटेल, ती ओळ बहुतेक त्या माणसाची स्वतःची असते. ती त्याच्यापाशीच राहू द्या. आणि चूक झालीच, तर ती दुसऱ्याच्या घरात शोधत बसू नका.

बाबांनी पाकीट चिकटवले. सात महिन्यांत टपालाचा दर वाढला असेल अशी शंका येऊन त्यांनी जुन्या तिकिटाशेजारी आणखी एक लावले, मग खबरदारी म्हणून आणखी एक. मी खिडकीतून बघत होतो. ते रस्ता ओलांडून टपालपेटीपाशी गेले. पत्ता वाचला. पाकीट तोंडात सरकवले, अर्धे बाहेर ओढले, पुन्हा पत्ता वाचला. शेजारी उभ्या असलेल्या बाई त्यांच्याकडे संशयाने बघू लागल्या. मग त्यांनी डोळे मिटले आणि हात सोडला. पाकीट कुठे अडकले तर नाही ना, म्हणून बोटे आत घालून चाचपली. अडकले नव्हते.