उपाशी माश्यांची साखर

केळ्यांवर घोंघावणाऱ्या चिलटांसाठी कुणी स्वयंपाक करतं, हे मावशींच्या सुनेला अजूनही खरं वाटत नसे. पण मावशी गेली अकरा वर्षं प्रयोगशाळेत तेच करत होत्या. मक्याचं पीठ, यीस्ट आणि साखर रटरट शिजवायची नि बाटल्यांत ओतायची. फळमाश्या त्यावर आडवा हात मारत.

तीन महिन्यांपूर्वी मात्र "उपाशी" अशी चिठ्ठी लावलेल्या नळ्या आल्या. त्यांत नुसत्या पाण्याची पांढरी जेली भरायची. संशोधन करणाऱ्या मुलीला एक दिवस उपाशी ठेवलेल्या माश्या हव्या होत्या. कशाला, ते मावशींनी कधी विचारलं नव्हतं.

आज मुलीनं स्वतःहूनच सांगितलं. डोक्यावरून सावली गेली की माशी घाबरून थिजते. पण भुकेली माशी भीती गिळून साखरेच्या थेंबाकडे जाईल, मग मेंदूत भूक आणि भीती कुठे झुंजतात ते शोधता येईल, असं तिचं म्हणणं होतं.

"एक माशी हलेल तर शपथ! घोडं कुठे पेंड खातंय तेच कळत नाही, मावशी. उद्या सरांना सांगून विषयच सोडते."

घोडं कुठे पेंड खात होतं ते मावशींना नेमकं ठाऊक होतं. त्या जेलीत त्याच रोज दोन चमचे साखर टाकत होत्या! आपल्या हाताखालचा जीव उपाशी राहावा, हे त्यांना बघवत नव्हतं. आता बोलावं तर नोकरी जायची, गप्प बसावं तर पोरीची सगळी मेहनत.

त्यांनी हात पुसले आणि सांगून टाकलं.

"म्हणजे माझ्या माश्या भुकेल्या नव्हत्याच?"

"पोटभर जेवल्या होत्या, बाळा."

"मावशी, तीन महिने!" मुलगी ओरडली. आणि मग त्यांच्याच खांद्यावर डोकं टेकून रडली, कारण तिचं म्हणणं अजून खोटं ठरलं नव्हतं. "सरांचं मी बघते. पण पुढच्या नळ्याही तुम्हीच भरायच्या. साखरेशिवाय."

मावशींनी भरल्या. अकरा वर्षांत हात इतका जड कधी झाला नव्हता.

दोन दिवसांनी मुलीनं त्यांना भिंगाशी बसवलं. सावली सरकली. माशी दचकली, थिजली. मग एक पाय पुढे टाकला, आणखी एक, आणि सावलीखालूनच चालत ती थेंबापाशी गेली. सोंड काढून प्यायला लागली.

"गेली! मावशी, गेली!" मुलगी नाचायचीच बाकी होती.

मावशींना आनंद झाला आणि वाईटही वाटलं. "किती घाबरली होती गं. तरी गेली."

नियमाप्रमाणे दहा सेकंदांनी थेंब काढून घ्यायचा असे. घड्याळ वाजलं. मुलीनं हात पुढे केला, मावशींकडे पाहिलं आणि मागे घेतला.

"हिला मोजणीत धरत नाही," ती हळूच म्हणाली. "पिऊ दे."